खळबळ, घबराट आणि धसका

भयाचे जितके प्रकार माणसाच्या वांट्यास येतात तितके शब्द ज्या भाषेच्या पदरीं असतील ती भाषा श्रीमंत म्हणावी. या कसोटीस मराठी उत्तम उतरते. परंतु बोलली जाणारी मराठी आणि छापली जाणारी मराठी यांची परीक्षा निरनिराळी घेतली, तर पहिलीस पहिला वर्ग द्यावा लागेल आणि दुसरीस पुढील वर्षीं पुन्हां बसण्याचा सल्ला द्यावा लागेल. तोंडानें भीतीचे वीस प्रकार सांगणारा मराठी माणूस लेखणी हातीं घेतांच तीन शब्दांवर येतो. आणि ते तीनही शब्द, आज ज्या रीतीनें वापरले जातात त्या रीतीनें, भ्यालेल्या माणसाविषयीं आपणांस कांहींच सांगत नाहींत, असें आमचें स्पष्ट मत आहे. ही तक्रार शुद्धलेखनाची नव्हे, किंवा परके शब्द हांकलून लावण्याचीही नव्हे. शब्द चुकल्यामुळें दुसऱ्याच्या भयाकडे पाहण्याची आपली दृष्टि चुकूं लागली आहे, आणि त्या चुकीची किंमत प्रसंगीं प्राणानें मोजावी लागते, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम आपल्या घरची श्रीमंती पाहूं. कांहीं अघटित अकस्मात् समोर आलें म्हणजे माणूस दचकतो. दचकण्यांतून सांवरण्यापूर्वींच संकटाचा आवांका ध्यानांत आला म्हणजे तो हबकतो. काय करावें तें सुचेनासें झालें म्हणजे गांगरतो. चहूंकडून एकदम प्रश्न अंगावर आले म्हणजे भांबावतो. परक्या ठिकाणीं एकटा पडला म्हणजे बावरतो. हीं झालीं मनाचीं क्रियापदें. शरीराची साक्ष हवी असेल तर काळजांत धस्स होतें, पोटांत गोळा उठतो, हातपाय गळतात, तोंडचें पाणी पळतें, बोबडी वळते. घरसंसाराची साक्ष हवी असेल तर धाबें दणाणतें आणि पांचावर धारण बसते. धाबें म्हणजे मातीचें सपाट छप्पर. तें डोक्यावर दणाणूं लागलें म्हणजे आंतल्या माणसाची काय गत होत असेल हें निराळें सांगावयास नको. धारण म्हणजे धान्याचा भाव. रुपयास अवघ्या पांच मापांवर धान्य आलें म्हणजे पोराबाळांच्या मुखीं काय घालावें या विचारानें गृहस्थाची जी दशा होते, तीवरून हा वाक्प्रचार निघाला असें परंपरेनें सांगतात. दाते आणि कर्वे यांनीं १९३२ ते १९३८ या काळांत प्रसिद्ध केलेल्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग कोणीं सवडीनें चाळले, तर अशा शब्दांची रासच्या रास त्याच्या हातीं लागेल. आणि हे शब्द एकमेकांचे प्रतिशब्द नव्हेत. हबकलेल्यास धीर द्यावा लागतो, गांगरलेल्यास वाट दाखवावी लागते आणि बावरलेल्याशीं नुसतें गोड बोललें तरी पुरतें. ज्या समाजानें हे शब्द घडविले त्यानें भ्यालेल्या माणसाकडे लक्ष देऊन पाहिलें होतें.

आतां आजचें वर्तमानपत्र उघडा, किंवा दूरचित्रवाणीची वृत्तवाहिनी लावा. उसाच्या फडांत मृतदेह सांपडला, खळबळ. मंत्र्यानें राजीनामा दिला, खळबळ. परीक्षेची प्रश्नपत्रिका फुटली, खळबळ. एका नटीनें गुपचूप लग्न उरकलें, त्याचीही खळबळच. ती नेहमीं 'परिसरांत' उडते आणि नेहमीं 'एकच' असते. एकच म्हणजे काय, दुसरी कोठें गेली, हें कोणी विचारीत नाहीं. मृत मनुष्याच्या आईचा आक्रोश आणि नटीच्या लग्नाची कुजबुज एकाच शब्दांत मावतात, यांत आम्हांस कांहीं गैर वाटेनासें झालें आहे.

मुळांत खळबळ हा शब्द वाईट नाहीं. भांड्यांत थोडें पाणी घेऊन तें हिसळून टाकणें म्हणजे भांडें खळबळणें. धुणेंही असेंच खळबळून काढतात. पाणी इकडून तिकडे आपटतें, मोठा आवाज होतो, आणि तें मोरींत ओतून दिलें कीं सारें शांत. एखाद्या ग्रंथानें विद्वानांच्या वर्तुळांत खळबळ माजविली असें म्हणावें, तें शोभतें. कारण तेथें खरोखरच सांचलेलें पाणी हालतें आणि कोणाचा जीव जात नाहीं. परंतु खून, पूर, आग, रोगाची साथ यांना हा शब्द लाविला म्हणजे त्यांचेंही खळबळल्या भांड्यासारखेंच होतें. आवाज झाला, पाणी ओतून दिलें, भांडें पालथें घातलें, उद्यां दुसरें.

दुसरा शब्द घबराट. हा अधिक घातक आहे, कारण तो अधिकाऱ्यांचा लाडका आहे. घबराट 'पसरते', म्हणजे ती रोगासारखी एकापासून दुसऱ्यास होते. ती कोणीतरी 'पसरवितो'. म्हणजे तिच्या मागें एक गुन्हेगार असतो. आणि ती 'दूर करावी' लागते; म्हणजे ती निराधार असते. एवढा सगळा निवाडा त्या एका शब्दांत आधींच झालेला असतो. जुन्नर तालुक्यांत उसाच्या शेतांतून बिबट्यांचा वावर आहे. माणिकडोह येथें त्यांच्यासाठीं निवारा केंद्र चालवावें लागतें, इतकी ही गोष्ट तेथें नित्याची झाली आहे. त्या भागांत पहांटे उसाच्या बांधावरून जाणारी बाई हातांत काठी घेते, मुलाला एकटें सोडीत नाहीं आणि अंधार पडण्यापूर्वीं घरीं परतते. दुसऱ्या दिवशीं आपण वाचतों, 'बिबट्याच्या दर्शनानें गांवांत घबराट'. त्या बाईच्या वागण्यांत अविचाराचा अंश कोठें आहे? तिनें जें केलें त्याहून शहाणपणाचें वर्तन आमच्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्राध्यापकमंडळाकडूनही झालें नसतें. पण शब्दानें तिला वेडी ठरविली.

तिसरा शब्द हवालदिल. हा फारसीच्या वाटेनें आला. 'हौल' म्हणजे दारुण भीति आणि 'दिल' म्हणजे अंतःकरण. ज्याच्या अंतःकरणांतच भय शिरलें तो हवालदिल. शब्द मोठा देखणा होता. परंतु आज तो शेतकऱ्याच्या नांवास कायमचें चिकटविलेलें विशेषण झाला आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें गारपिटीनें महाराष्ट्रांतील उभीं पिकें झोडपलीं, शेतकरी हवालदिल झाला. डिसेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली, शेतकरी हवालदिल झाला. पाऊस न आला तरी हवालदिल, नको तेव्हां आला तरी हवालदिल. हें विशेषण वाचतांना वाचकाच्या मनांत आतां कांहींच हालत नाहीं. तो तें ओलांडून पुढें जातो. ज्याप्रमाणें जुन्या कवितेंत चंद्र शीतल असावयाचाच, त्याप्रमाणें आजच्या वृत्तांत शेतकरी हवालदिल असावयाचाच. नित्याचें झालेलें दुःख कोणास दिसत नाहीं, असें म्हणतात. नित्याचा झालेला शब्द तें दिसूंही देत नाहीं.

या तिघांच्या ऐवजीं मराठीचा आपला असा एक शब्द आहे, आणि तो आजही प्रत्येक घरांत बोलला जातो. तो शब्द म्हणजे धसका. धस्स होणें ही क्षणाची गोष्ट. धसका हा त्या क्षणाचा मुक्काम आहे. दरड धसते, जमीन धसते, त्या धसण्याचा ध्वनि या शब्दांत कानाला तरी स्पष्ट ऐकूं येतो. आंतली कांहींतरी भूमि खचली आणि ती पूर्ववत् भरून आली नाहीं, असा त्याचा भाव आहे. अचानक आलेलें भय आणि त्यामागून येणारें खचलेपण हीं दोन्हीं एका शब्दांत सांगण्याची सोय त्यानें केली आहे.

परंतु आमचा खरा भर त्याच्या अर्थापेक्षां त्याच्या व्याकरणावर आहे. धसका कोणीतरी घेतो, किंवा कोणाला तरी बसतो. म्हणजे वाक्यांत माणूस आणावाच लागतो. नुसत्या 'परिसराला' धसका बसत नाहीं. शिवाय धसका कशाचा तरी असतो. पुराचा धसका, सावकाराचा धसका, पोलिसांचा धसका, परीक्षेचा धसका. 'त्यानें धसका घेतला' एवढेंच कोणी बोललें, तर ऐकणारा लागलीच विचारतो, कशाचा? आतां खळबळ आणि घबराट यांस ही कसोटी लावा. 'गांवांत खळबळ उडाली' हें वाक्य पूर्ण आहे. त्यांत माणूसही नाहीं आणि तो कशाला भ्याला हेंही नाहीं, फक्त एक ठिकाण आहे. 'शहरांत घबराट पसरली' याचीही तीच गत. धसका हा शब्द वापरणारास दोन प्रश्नांचीं उत्तरें शोधावींच लागतात, कोणाला आणि कशाचा. खळबळ आणि घबराट हे शब्द वापरणारास घरीं बसून वृत्त लिहितां येतें. हे दोन शब्द इतके लोकप्रिय कां झाले याचें रहस्य, आम्हांस वाटतें, याच सोयींत आहे.

कोणी म्हणेल, हा सगळा इंग्रजीचा दोष; इंग्रजी वृत्तसंस्थांच्या तारा भराभर मराठींत उतरवितांना असें व्हावयाचेंच. आमचा उभा जन्म इंग्रजी शिकविण्यांत गेला आहे, तेव्हां त्या भाषेच्या वतीनें दोन शब्द बोलण्याचा अधिकार आम्हांस असावा. 'कॉन्स्टर्नेशन' या शब्दाच्या मुळाशीं गडबडवून टाकणें, आडवें पाडणें अशा अर्थाचें लॅटिन क्रियापद आहे. 'डिस्मे' हा जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द. सामर्थ्य हरपणें हा त्याचा मूळ भाव, म्हणजे आपलें हातपाय गळणेंच. 'अलार्म' हा तर इटालियन शिपायांचा हाकारा. 'शस्त्रें घ्या' हा त्याचा शब्दशः अर्थ. आणि 'पॅनिक' हें पॅन नांवाच्या ग्रीक वनदेवाचें देणें. रानांत कारण न दिसतां जी भीति एकदम कळपच्या कळप उधळून लावते ती. अलार्म ऐकून शिपाई शस्त्र उचलतो, पॅनिकमध्यें तो हातचें शस्त्र टाकून पळतो. इतके हे दोन शब्द परस्परविरुद्ध असतां आम्हीं दोघांनाही घबराट म्हणून मोकळे झालों. ही उणीव इंग्रजीच्या माथीं मारणें म्हणजे सावकाराकडून चार निरनिराळीं नाणीं घेऊन, तीं आपणच वितळवून एक गोळा करावयाचा आणि मग सावकारानें फसविलें म्हणून बोंब मारावयाची, त्यांतला प्रकार आहे.

हे बारीक भेद म्हणजे परदेशची चैन, असेंही कोणी समजूं नये. भरताच्या नाट्यशास्त्रांत भय हा स्थायी भाव सांगितला आहेच. पण तेवढ्यावर न थांबतां तेहतीस व्यभिचारी भावांत शंका, त्रास, आवेग, विषाद हे स्वतंत्रपणें मोजले आहेत. वीज कोसळणें, भूमि हादरणें, श्वापदाची गर्जना यांनीं एकाएकीं जें अंग थरथरतें तो त्रास. उत्पात, वादळ, आग, पिसाळलेला हत्ती, किंवा अकस्मात् कानीं आलेली बातमी यांनीं जी धांदल उडते तो आवेग. आणि ती बातमी प्रियही असूं शकते, हें सांगावयास भरत विसरला नाहीं. पुढच्या शास्त्रकारांनीं तर एकाएकीं उठणारा त्रास आणि मागचापुढचा विचार करून उत्पन्न होणारें भय हीं निराळीं काढून ठेविलीं. नटानें हात कसा हालवावा हें ठरविण्यासाठीं ज्या परंपरेनें एवढी चिकित्सा केली, त्या परंपरेचे वारस आम्ही. आणि त्या त्रास शब्दाचें आम्हीं काय केलें? एके काळीं ज्या शब्दानें माणसाचा थरकांप सांगितला जाई, तो आतां डासांच्या आणि शेजाऱ्यांच्या वाट्यास गेला आहे. शब्द झिजतात हें खरें. म्हणूनच जे अद्याप झिजले नाहींत त्यांची निगा राखावयाची असते.

आतां किंमतीकडे वळूं. लातूर जिल्ह्यांतील किल्लारीच्या परिसरांत १९९२ च्या ऑगस्टपासून जमिनीस लहानमोठे धक्के बसूं लागले. पुढील कांहीं महिन्यांत त्यांची संख्या शंभरावर गेली; १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का त्यांत विशेष मोठा होता. दक्षिणेचें पठार भूकंपाच्या दृष्टीनें निर्धोक, असा त्या वेळीं सर्वसाधारण समज होता. या धक्क्यानंतर जवळजवळ वर्षानें, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे चारच्या सुमारास, मोठा भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून दमून निजलेलीं माणसें लातूर आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील गांवांतून हजारोंनीं मेलीं. त्यांस मारलें तें विशेषतः घरांनीं: जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यांवर मातीचे थर दिलेलें जड माळवद. धाबें दणाणणें हा वाक्प्रचार त्या पहांटे वाक्प्रचार राहिला नाहीं.

या भूकंपाचें भाकीत कोणास करतां आलें असतें, असें आम्ही म्हणत नाहीं. तें शास्त्र आजही कोणास साधलेलें नाहीं. आम्ही एवढेंच विचारतों, कीं त्या वर्षांत एखाद्या म्हाताऱ्यानें माळवदाखालीं निजण्याचें नाकारलें असतें, तर आपण त्याच्या अवस्थेस कोणता शब्द लाविला असता? घबराट म्हटलें असतें, तर पुढचें पाऊल एकच उरतें: त्याची समजूत घालावी, त्याला आंत नेऊन निजवावा. धसका म्हटलें असतें, तर भाषेनेंच पुढचा प्रश्न विचारावयास लाविला असता: कशाचा? आणि त्याचें उत्तर, छपराचा. छपराचा धसका म्हटल्याबरोबर छपराकडे पाहावें लागतें. त्यावरची माती कमी करतां येईल काय, भिंतीस आधार देतां येईल काय, निदान थोडे दिवस बाहेर निजण्याची सोय होईल काय, हे विचार ओघानें येतात. घबराट हा शब्द माणसाकडे बोट दाखवितो, धसका हा शब्द छपराकडे.

किल्लारी हें एकच उदाहरण नव्हे. कोयनेच्या धरणाचा जलाशय १९६२ च्या सुमारास भरूं लागल्यानंतर त्या खोऱ्यांत धक्के जाणवूं लागले. १३ सप्टेंबर १९६७ रोजीं त्यांतला एक चांगलाच मोठा झाला. आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटेच्या भूकंपानें कोयनानगर उद्ध्वस्त केलें, दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. तेथेंही जमिनीनें आधीं सूचना दिली होती, आणि ज्यांच्या पायांना ती कळली त्यांचें भय अडाणी नव्हतें.

घबराट या शब्दाची कुळी शोधूं लागलें तर ती पार प्लेगाच्या काळापर्यंत जाते. १८९६ मध्यें मुंबईस प्लेग सुरू झाला आणि पुढच्या कांहीं महिन्यांत लाखों माणसें शहर सोडून गेलीं. त्या काळच्या इंग्रजी सरकारी कागदांतून या प्रकारास 'पॅनिक' म्हटलेलें जागोजागीं आढळतें. परंतु हे लोक केवळ रोगास भीत नव्हते. सक्तीनें इस्पितळांत नेलें जाण्यास ते भीत होते, घरच्यांपासून तोडलें जाण्यास भीत होते. १८९७ मध्यें पुण्यांत रँडच्या अमलाखालीं गोरे शिपाई घराघरांत शिरले, तेव्हां त्या भीतीस किती आधार होता हें सर्वांस दिसलें. त्या लोकांना शिपायांच्या बुटांचा धसका होता. त्याला पॅनिक म्हणणें राज्यकर्त्यांच्या सोयीचें होतें. कारण पॅनिक हा प्रजेचा दोष ठरतो, धसका हा राज्याचा. ते राज्यकर्ते १९४७ मध्यें गेले. त्यांचा शब्द मात्र आपण भाषांतर करून ठेवून घेतला.

कायद्याचा आधार घेऊन कोणी आमच्यावर येऊं पाहील, तर त्याला कायदाच वाचून दाखवावा लागेल. २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्याच्या चौपन्नाव्या कलमांत एक वर्षापर्यंत कैदेची किंवा दंडाची शिक्षा सांगितली आहे. पण ती आपत्तीविषयीं खोटा इशारा देऊन पॅनिक माजविणारास. जुन्या भारतीय दंडसंहितेचें पांचशें पांचवें कलम, जें १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेंत तीनशें त्रेपन्नावें झालें, तें लोकांत भय किंवा अलार्म उत्पन्न करणाऱ्या विधानांविषयीं बोलतें. पण ज्यास आपलें विधान खरें मानण्यास रास्त कारण आहे आणि जो सद्धेतूनें बोलतो, त्यास तेथेंच अपवाद ठेविला आहे. म्हणजे खरी भीति आणि खोटी भीति यांतला भेद कायद्यासही मान्य आहे. तो भेद पुसतो तो आमचा मराठी मथळा, आणि 'नागरिकांनीं घबराट पसरवूं नये' असें सरसकट बजावणारें आमचें पत्रक. त्यांत 'खोटी' हें विशेषण शोधून सांपडत नाहीं. कारण घबराट या शब्दानें तें आपल्या पोटांत आधींच घेतलेलें असतें.

आतां विरुद्ध पक्षाचीं म्हणणीं ऐकूं. पहिलें असें कीं, भाषा ही वाहती नदी आहे. शब्दांचे अर्थ बदलतात, त्याला इलाज नाहीं. नदी वाहते हें आम्हांसही ठाऊक आहे. परंतु वाहत्या नदींत गांवचें सांडपाणी सोडणारा मनुष्य नदीच्या प्रवाहीपणावर व्याख्यान देऊं लागला, तर त्याचें आपण ऐकून घेत नाहीं. अर्थ बदलणें निराळें आणि अर्थ नाहींसा होणें निराळें. खळबळ या शब्दास नवा अर्थ आला असता तर आम्हीं त्याचें स्वागत केलें असतें. पण जो शब्द खुनास आणि लग्नास सारखाच लागतो, त्याला अर्थ उरला आहे असें कोण म्हणेल?

दुसरें म्हणणें अधिक जबाबदारीचें आहे. संकटकाळीं लोकांस शांत ठेवणें हें अधिकाऱ्याचें कर्तव्य. तेथें धसक्याची भाषा बोलून कसें चालेल? खोट्या अफवेनें चेंगराचेंगरी होते, निष्पाप माणसें मरतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. अशा वेळीं घबराट हा शब्द अवश्य वापरावा. त्याच कामासाठीं तो आहे. आमचें म्हणणें एवढेंच, कीं तो निदान झाल्यावर वापरावा, निदानाच्या ऐवजीं नव्हे. रोगी कळवळतो आहे तों त्याची नाडी न पाहतां 'हा भित्रा आहे' म्हणणारा वैद्य रोग्यास शांत करीत नाहीं. तो स्वतःची झोंप सुरक्षित करतो. आणि लोक खरोखर शांत कशानें होतात? 'घाबरूं नका' हें वाक्य ऐकून आजवर कोणाची भीति गेल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. 'तुम्हांला या गोष्टीचा धसका बसला आहे, तो कां बसला हें आम्हांस समजतें, आणि त्यावर आम्ही अमुक करीत आहों,' एवढें जर कोणीं सांगितलें, तर निम्मी भीति तेथल्या तेथें ओसरते. भ्यालेल्या माणसास प्रथम हवी असते ती आपल्या भयाची पोंच.

तिसरें म्हणणें असें कीं, धसका हा शब्द घरगुती, बायकांच्या बोलण्यांतला. गंभीर वृत्तांत तो शोभत नाहीं. यावर आम्ही एक उदाहरण देतों. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर मराठ्यांचा सर्वनाश झाला. मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ हे दोघेही गेले. आणि त्यानंतर सहा महिने पुरे होण्यापूर्वींच, २३ जून १७६१ रोजीं, नानासाहेब पेशव्यांनीं पर्वतीवर देह ठेविला. त्यांनीं पानिपताचा धसका घेतला, असें मराठी माणूस आजही म्हणतो. एका साम्राज्याचें खचणें आणि एका बापाचें खचणें हीं दोन्हीं त्या घरगुती शब्दानें सहज पेललीं आहेत. आतां त्याच्या जागीं छापील मराठी घालून पाहा. 'पानिपत येथील घटनेनें पुणें परिसरांत एकच खळबळ उडाली, पेशवे हवालदिल, नागरिकांनीं घबराट पसरवूं नये, असें आवाहन.' वाचकांस हंसूं आलें असेल. परंतु अडीच शतकांपूर्वींच्या दुःखास जें लावल्यास हास्यास्पद होतें, तें कालच्या दुःखास लावलेलें आपण रोज सकाळीं चहाबरोबर गंभीरपणें वाचतों.

शेवटचें म्हणणें वेळेचें. वार्ताहरास घाई असते; शब्द निवडीत बसण्यास त्यास सवड कोठून? ही सबब आम्ही मान्य केली असती, जर नेमका शब्द शोधण्यास कोश उघडावा लागत असता. परंतु येथें तसें नाहीं. तोच वार्ताहर संध्याकाळीं घरीं जाऊन आईला सांगतो, 'त्या बाईनें फार धसका घेतलाय गं.' म्हणजे शब्द त्याच्या जिभेवर तयार आहे. कचेरींत शिरतांना तो पायताणांबरोबर तोही दाराशीं काढून ठेवतो, एवढेंच. आपल्या बोलण्यांतला शब्द लिहिण्यास हलका वाटणें, हा मराठी सुशिक्षितांचा जुना रोग आहे, आणि त्याचें खापर वार्ताहरापेक्षां आम्हां शिक्षकांच्या माथीं अधिक फुटावयास हवें. विद्यार्थ्याच्या निबंधांत 'धसका' दिसला कीं त्याखालीं लाल रेघ ओढून 'भीतीचें वातावरण निर्माण झालें' असें सुचविणारे गुरुजन या महाराष्ट्रांत थोडे नाहींत. वातावरण हें निर्माण झालें कीं माणसें त्यांत दिसेनाशीं होतात, हें त्यांच्या लक्षांत येत नाहीं.

तेव्हां आमची मागणी फार मोठी नाहीं. खळबळ हा शब्द सभा, संमेलनें आणि राजकारण यांच्यासाठीं राखून ठेवावा. तेथें त्याला भरपूर काम आहे. घबराट हा शब्द कारण तपासून तें नाहीं अशी खात्री पटल्यावरच वापरावा. हवालदिल या शब्दास कांहीं वर्षें विश्रांति द्यावी, म्हणजे त्याच्यांतला हौल पुन्हां जागा होईल. आणि जेथें माणूस खरोखर भ्याला असेल, तेथें लिहिणारानें लेखणी उचलण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावेत: कोणाला, आणि कशाचा? त्यांचीं उत्तरें मिळालीं, कीं शब्द आपोआप सुचेल. तीं मिळालीं नाहींत, तर वृत्त अजून हातीं आलेलें नाहीं असें समजावें आणि पुन्हां त्या गांवीं जावें.